आधी पुवाचा नमुना, मग प्रतिजैविक

मनीमाजऱ्यातून फुफ्फुसाभोवती पू झालेला रुग्ण चंदीगडच्या पीजीआयसारख्या मोठ्या रुग्णालयात पोहोचतो, तोवर अनेकदा दोन-तीन प्रतिजैविके घेऊन झालेली असतात. मग संवर्धनात जंतू उगवत नाहीत आणि निदान ‘क्षयरोग’ ठरते. क्षय इथे मोठा आहे, हे मान्य. पण जंतू न सापडणे हा क्षयाचा पुरावा कसा? घरून आलेल्या रुग्णात बहुधा स्ट्रेप्टोकॉकस असतो. रुग्णालयातच संसर्ग झालेल्यात मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास. दोघांना एकच औषध देणे हा निव्वळ आळस होय. खाटेशेजारीच थोडा द्रव रक्तसंवर्धनाच्या बाटलीतही घातल्यावर २०११ च्या ऑक्सफर्डच्या अभ्यासात जंतू सापडण्याचे प्रमाण सुमारे ३८ वरून ५९ टक्क्यांवर गेले. आणि ही बाटली काही दुर्मीळ यंत्र नव्हे. तापाच्या रुग्णाचे रक्त रोज तिच्यातच जाते.