कॅमोमाइल तेल : पुरावा कॅप्सूलचा, विक्री बाटलीची!

झोप येत नाही? कॅमोमाइल तेल. त्वचेची आग होते? तेच. ताण वाढला? पुन्हा तेच. ऑनलाइन बाजारात या छोट्या बाटलीकडे प्रत्येक तक्रारीवर उत्तर आहे. तेलात गुण आहेतच; पण बाटलीवरचा प्रत्येक दावा त्या तेलाचा नाही.

तेल निळे का?

कॅमोमाइल म्हणजे शेवंती-झेंडूच्या कुळातील फूल, युनानीतला 'बाबुना'. जर्मन कॅमोमाइलचे फूल पांढरे-पिवळे, तेल मात्र गडद निळे. वाफेने तेल काढताना फुलातील मॅट्रिसिनचे उष्णतेमुळे कॅमाझुलीन बनते, हा रंग त्याचा. कॅमाझुलीन आणि बिसाबोलोल हे घटक दाह कमी करतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. रोमन कॅमोमाइल ही वेगळी वनस्पती. तिचे तेल फिके, वास सफरचंदासारखा. अनेक लेबलांवर फक्त 'कॅमोमाइल' लिहिलेले असते. मग ग्राहकाने नेमके काय घेतले?

पुरावा कशाचा?

पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिंताविकाराच्या रुग्णांना रोज १५०० मिलिग्रॅम अर्क दिला. लक्षणे कमी झाली; मात्र आजार उलटण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. मुख्य म्हणजे तो अर्क कॅप्सूलमधून पोटात घेतला होता. त्याच्या जोरावर उशीवर शिंपडायचे तेल विकणे म्हणजे एकाची पुण्याई दुसऱ्याच्या नावावर जमा करणे.

वापरायचे तर कसे?

• थेट त्वचेवर नको. चमचाभर (५ मिली) खोबरेल किंवा बदाम तेलात एक थेंब, म्हणजे साधारण एक टक्का.
• आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास थांबा.
• तेल पिऊ नका. तान्ह्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.
• गाजर गवताची अॅलर्जी असणाऱ्यांनी जपावे. ते याच कुळातले.
• वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध सुरू असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.
• बाटली गडद काचेची हवी. प्रकाश आणि हवेने निळे तेल हिरवट, मग तपकिरी होते.

सुगंधाने मन शांत होत असेल, तर आनंदच आहे. पण महिनोन्‌महिने झोप उडाली असेल, तर त्याचे उत्तर डॉक्टरांकडे आहे. विक्रेत्यांनीही लेबलवर वनस्पतीचे पूर्ण नाव छापावे. इतकी अपेक्षा रास्तच आहे.