नाल्यात गप्पी, घरात डेंगी

पावसाळा सुरू झाला, की नाल्यांत आणि डबक्यांत गप्पी मासे सोडतानाची छायाचित्रे वर्तमानपत्रांत दिसू लागतात. त्याच दिवसांत सरकारी रुग्णालयांतले वॉर्ड तापाच्या रुग्णांनी भरतात. ‘आमच्या नाल्यात मासे सोडलेत, मग डेंगी कसा झाला?’ असे नातेवाईक विचारतात. याचे उत्तर डासाच्या सवयींत आहे.

डेंगी पसरवणारा एडिस इजिप्ती डास सहसा नाल्यात वाढत नाही. त्याला साठवलेले, तुलनेने स्वच्छ पाणी लागते. पिंप, कुंडीखालची बशी, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे जुने टायर ही त्याची घरे. नाल्याच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. त्याच्यामुळे हत्तीरोग पसरतो. म्हणजे नाल्यातला गप्पी अळ्या खातो, पण डेंगीच्या डासाच्या नव्हे.

गप्पी मूळचा त्रिनिदाद, व्हेनेझुएला या भागातला. काचेच्या पेटीत शोभणारा हा मासा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरिया रोखण्यासाठी भारतात आणला गेला. १९२८ मध्ये त्याच कामासाठी गॅम्बुझिया आला. गप्पीची मादी अंडी न घालता थेट पिलांना जन्म देते आणि नराचे शुक्राणू अनेक महिने शरीरात साठवू शकते. त्यामुळे एखादी मादीही नवी वसाहत उभी करू शकते. गॅम्बुझिया तर बेडकांची व इतर माशांची अंडी-पिले फस्त करतो. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. स्थानिक छोटे मासेही डासांच्या अळ्या खातात. बाहेरच्या माशांमुळे ते घटले, तर आपण फुकटचे राखणदार गमावू.

म्हणून गप्पी टाकाऊ ठरत नाही. वापरात नसलेली विहीर, कारंजे, बांधकामावरचा हौद अशा बंदिस्त पाण्यात तो उपयोगी आहे. शहरी मलेरियाचा अॅनोफिलिस स्टीफेन्सी अशाच ठिकाणी वाढतो. मात्र नदी, तलाव, ओढ्यात हे मासे सोडू नयेत. पावसाळ्यात नदीला मिळणाऱ्या नाल्यातही नकोत.

डेंगीसाठी आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवा. नुसते पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. कडा घासून काढा. हे काम कोणताही मासा आपल्यासाठी करणार नाही.