कोंबडीला खुराड्यात कोंबू नका



आमच्या निफाड तालुक्यात थंडी फार पडते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात रोज सकाळी पारा मोजतात आणि तो आकडा पेपरात छापून येतो. कधी ६ अंश, कधी ५ अंश, तर एखाद्या वर्षी त्याहूनही खाली. अशा रात्री द्राक्षाच्या बागांत शेकोट्या पेटवतात. वासराच्या अंगावर गोणपाट टाकतात. आम्ही भावंडे एका गोधडीत झोपतो. कोंबड्या मात्र शेवग्यावर, बाभळीवर नाहीतर गोठ्याच्या पत्र्यावर बसून रात्र काढतात. खुराडे असते, पण त्या आत जात नाहीत. मग दिवस मावळला की घरोघरी पळापळ सुरू होते. कोणी काठी घेतो, कोणी ढेकूळ मारतो, कोणी पंख धरून कोंबडीला आत कोंबतो. माझे मत असे आहे की यात कोंबडीचा दोष नाही. दोष खुराड्याचा आहे. खुराडे चांगले असेल तर कोंबडी आपल्या पायाने आत जाते.

माझी आजी म्हणते, "गावरान कोंबडीला कशाची आलीय थंडी! आमच्या वेळेपासून झाडावरच बसत्यात." आजीचे थोडे खरे आहे. कोंबडीचे अंग आपल्यापेक्षा गरम असते, सुमारे ४१ अंश. ती पिसे फुगवून बसते. पिसांत हवा अडकते आणि ती हवा गोधडीचे काम करते. शिवाय आपल्या कोंबड्यांचे पूर्वज लाल रानकोंबडे. ते रात्री झाडावरच बसतात. म्हणून कोंबडीला उंच बसावेसे वाटणे हा तिचा स्वभाव आहे, हट्ट नाही.

पण झाडावर वारा लागतो आणि दवाने पिसे ओली होतात. ओल्या पिसांत ऊब राहत नाही. मग अंग गरम ठेवायला कोंबडीला जास्त दाणे खावे लागतात, आणि दाणे आपल्याच घरचे जातात. दुसरे असे की रात्री कोंबडीला फारसे दिसत नाही. उदमांजर झाडावर चढले तर ती पळू शकत नाही. आमच्याकडे उसात बिबट्यासुद्धा असतो आणि तोही झाडावर चढतो. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या काकूंच्या ४ कोंबड्या एका रात्रीत गेल्या. सकाळी शेवग्याखाली नुसती पिसे पडली होती. काकू दिवसभर कोणाशी बोलल्या नाहीत.

तुम्ही म्हणाल, ४ कोंबड्यांचे एवढे काय? पण पुष्कळ घरांत कोंबड्यांचा पैसा आईचा असतो. आमच्या घरी द्राक्षाचा पैसा औषधवाल्याला आणि कर्जाला जातो. दुधाचा पैसा बाबांच्या खात्यावर येतो. अंड्यांचा पैसा तेवढा आईच्या डब्यात पडतो. त्यातून माझ्या वह्या येतात, दादाचा एसटीचा पास निघतो आणि आजीच्या गुडघ्याचे तेल येते. तो पैसा आईला कोणाला मागावा लागत नाही. कोंबडी गेली की तो डबा रिकामा होतो. म्हणून मला वाटते की हा प्रश्न लहान नाही.

आता कोंबड्या आत का जात नाहीत ते सांगते.

पहिले कारण अंधार. बाहेर उजेड असतो तेव्हाच खुराड्यात काळोख होतो. काळोख्या भोकात शिरायला आपल्यालाही भीती वाटते. खुराड्याला मावळतीच्या बाजूने जाळीची छोटी खिडकी ठेवावी, म्हणजे शेवटचा उजेड आत जातो. खिडकी नसेल तर थोडा वेळ बॅटरी लावून आत ठेवावी. सगळ्या आत गेल्या की काढून घ्यावी.

दुसरे कारण दांडी नसणे. पुष्कळ खुराड्यांत नुसती जमीन असते. कोंबडीला उंचावर बसायचे असते आणि आपण तिला शेणात बसवतो! आत आडवी दांडी बांधावी. ती गोल व बारीक नको, तीन बोटे रुंद आणि चपटी हवी. चपट्या दांडीवर कोंबडी बसली की पोटाची पिसे पायाच्या बोटांवर येतात आणि बोटे गरम राहतात. एका कोंबडीला एक वीत जागा धरावी. सगळ्या दांड्या सारख्या उंचीवर बांधाव्यात, नाहीतर वरच्या दांडीसाठी भांडणे होतात. गिरिराज कोंबड्या वजनाला जड असतात. त्यांची दांडी गुडघ्याएवढीच ठेवावी, नाहीतर उडी मारताना पाय दुखावतो.

तिसरे कारण किडे. हे पुष्कळ लोकांना माहीत नसते. बारीक किडे दिवसभर दांडीच्या आणि भिंतीच्या फटीत लपतात आणि रात्री बाहेर येऊन कोंबडीचे रक्त पितात. रोज आत जाणारी कोंबडी एकाएकी जायची बंद झाली तर हे बघावे. रात्री पांढरी चिंधी दांडीच्या खालून पुसावी. चिंधीला लाल डाग पडला तर किडे आहेत असे समजावे. मग सकाळी कोंबड्या बाहेर काढून फटींत उकळते पाणी ओतावे, सगळे वाळले की आतून चुना द्यावा. उकळते पाणी मोठ्या माणसांनीच ओतावे. खाटेत ढेकूण झाले तर आपण अंगणात झोपतो ना? कोंबडीही तेच करते.

चौथे कारण वास आणि ओल. थंडी लागू नये म्हणून काही लोक खुराडे सगळीकडून लिंपून टाकतात. त्यांचे मन चांगले आहे, पण मला ते पटत नाही. थंडीत आपल्या तोंडातून वाफ निघते तशी कोंबडीच्याही निघते. ती बाहेर गेली नाही तर आत ओल होते. शीट कुजते, डोळे चुरचुरतात आणि कोंबड्या शिंकायला लागतात. गोणपाट लावायचे ते वाऱ्याच्या बाजूला, कोंबड्या बसतात तेवढ्या उंचीवर लावावे. वर छपराखाली जाळीची मोकळी जागा ठेवावी. खाली गव्हाचा भुसा टाकावा. भुसा ओला झाला की बदलावा. आणि खुराड्यात शेगडी कधीही ठेवू नये. द्राक्षबागेत शेकोटी चालते, कारण बाग उघड्यावर असते. खुराड्यात धूर कोंडतो आणि भुसा पेटतो.

पाचवे कारण दांडगाई. एखादी थोरली कोंबडी दारात उभी राहते आणि बाकीच्यांना चोची मारते. अशा वेळी दार रुंद करावे किंवा दोन दारे ठेवावीत. आधी त्या दांडगीला उचलून आत ठेवले तरी चालते.

खुराडे नीट झाले तरी कोंबड्यांना सवय लावावी लागते. संध्याकाळचे दाणे अंगणात न फेकता खुराड्यातच टाकावेत. थंडीत मूठभर मका द्यावा. तो रात्रभर पचत राहतो आणि अंगात ऊब राहते. झाडावर बसलेल्या कोंबड्या अंधार पडल्यावर काढाव्यात, त्या गप्प असतात. मोठ्या माणसाने दोन्ही हातांनी पंख धरून उतरवावे आणि आतल्या दांडीवर अलगद ठेवावे. असे ८-१० दिवस रोज करावे लागते. आमच्या तांबडीला १२ दिवस लागले. आता ती सगळ्यांच्या आधी जाते आणि बाकीच्या तिच्या मागून जातात. आता कोणाला काठी उचलावी लागत नाही.

आत झोपण्याचे आणखी फायदे आहेत. सकाळी थोडे उशिरा सोडले तर अंडे खुराड्यातच मिळते, कुंपणात शोधावे लागत नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यातून मानमोडीची लस द्यायला आले तर कोंबड्या एका जागी सापडतात. हिवाळ्यात अंडी कमी होतात ती मात्र खुराड्याने एकदम वाढणार नाहीत. आपल्याकडे डिसेंबरात दिवस सुमारे ११ तासांचाच असतो, आणि दिवस लहान झाला की कोंबडी अंडी कमी देते. त्यासाठी तिला बोल लावू नये.

मुलांनो, डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा आपला खेळ रंगात असतो किंवा टीव्ही चालू असतो. तरी दार लावायचे काम आपणच करावे असे मला वाटते. आई तेव्हा चुलीपाशी असते आणि बाबा धार काढत असतात. मी रोज कोंबड्या मोजते आणि मगच कडी लावते. याला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

पालकांना माझी नम्र विनंती आहे की दिवाळी झाली की एक रविवार खुराड्यासाठी द्यावा. दांडी, जाळी, चुना आणि भुसा एवढेच लागते. मारून पाठवले तर मुलालाही शाळा आवडत नाही. वर्ग झाडलेला असला आणि खिचडी गरम असली की आम्ही सगळे वेळेवर येतो. कोंबडीचेही तसेच आहे.

हे माझे मत आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी पुढच्या महिन्याच्या भित्तिपत्रकात जरूर लिहावे. आजी म्हणाली आहे की ती सांगणार आणि दादा लिहून देणार.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी