ज्ञानपंचमीचं दान आणि चादरीखालचा टीव्ही



दिवाळी जवळ आली की आमच्या भोरच्या महिला मंडळात एकच विषय निघतो. यंदा ज्ञानपंचमीला काय द्यायचं? त्या दिवशी आपण पुस्तकं पाटावर मांडतो, वासक्षेप वाहतो आणि मंडळातर्फे एखाद्या शाळेला काहीतरी देतो. पूर्वी वह्या-पेन्सिली द्यायचो, मग दप्तरं दिली, एका वर्षी छत्र्या दिल्या. तीन वर्षांपूर्वी मोठ्या उत्साहानं ठरलं, की वेल्ह्याकडच्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला इंटरनेटवर चालणारा मोठा टीव्ही द्यायचा. दिला. हार-नारळ झाले, फोटो निघाले, खाली मंडळाच्या नावाची पट्टी लागली.

गेल्या मार्गशीर्षात मी आणि माझी जाऊबाई कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी करत त्या बाजूला गेलो होतो. वेल्हे म्हणजे आता सरकारदरबारी राजगड तालुका, पण आमच्या तोंडी वेल्हेच. भाताची झोडणी चालली होती. म्हटलं, शाळेत डोकावून येऊ. बघते तर टीव्हीवर फुलाफुलांची चादर घातलेली, आणि आमच्या नावाची पट्टीही तिच्याखालीच.

खोटं कशाला सांगू, राग आला. गुरुजींना विचारलं. ते बिचारे ओशाळले. म्हणाले, "काकू, वाईट वाटून घेऊ नका. पावसाळ्यात इथं लाइट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. मोबाइलला रेंज शाळेत नाही, वरच्या टेकाडावर आहे. आणि लाइट असली तरी टीव्ही लावला की पोरं नुसती बघत बसतात. मला ती काहीतरी करताना हवीत."

मग त्यांनी कपाटातून दोन जुने टॅब आणि स्वतःचा एक जुना मोबाइल काढला. शाळेत मुलं अकरा, इयत्ता चार. दुसऱ्या बाई त्या दिवशी मीटिंगला गेलेल्या. पहिली-दुसरीची मुलं गुरुजींनी चिंचोके मोजायला बसवली, तिसरीचा मुलगा मोबाइलसमोर मोठ्यानं गोष्ट वाचायला लागला, आणि चौथीच्या तिघी टॅबवर अपूर्णांक घेऊन बसल्या.

मी त्या तिघींजवळ बसले. पडद्यावर एक गोल होता आणि बाजूला त्याचे तुकडे. मोठा तुकडा कोणता ते ओळखायचं होतं. एका मुलीनं चारापेक्षा आठ मोठे म्हणून एक अष्टमांश उचलला. यंत्रानं तो घेतला नाही. ती थांबली, दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून पाहिले आणि मग एक चतुर्थांश उचलला. बरोबर आलं. पण गुरुजी तिथंच थांबले नाहीत. त्यांनी विचारलं, "का गं?" मुलगी जरा गप्प बसली, मग म्हणाली, "भाकरीचे जास्त वाटे केले की वाटा लहानच येणार ना गुरुजी!"

मैत्रिणींनो, मला जे सांगायचंय ते सगळं या एवढ्याशा प्रसंगात आहे. चूक यंत्रानं दाखवली, न रागावता, न हसता, चारचौघांत लाज न वाटू देता. पण "का" हे गुरुजींनी विचारलं. आणि तो प्रश्न विचारायला त्यांना वेळ मिळाला, कारण बाकीची मुलं रिकामी बसलेली नव्हती.

शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत मुलं असली तर शिक्षक दोन. म्हणजे आपल्या डोंगरातल्या शाळांत एकाच खोलीत दोन-तीन वर्ग बसणार, हे ठरलेलंच. गुरुजी एका इयत्तेला शिकवतात तेव्हा दुसरी इयत्ता पाटीवर रेघोट्या ओढते. ज्या साधनाला "इंटरॅक्टिव्ह" म्हणतात, म्हणजे मुलानं काही केलं की जे काही उत्तर देतं, त्याचा खरा उपयोग इथं आहे. ते गुरुजींच्या जागी बसत नाही. त्यांना एका मुलापाशी बसायला दहा मिनिटं मिळवून देतं.

आणि ही साधनं महाग नाहीत. त्या मुली वापरत होत्या ते "फेट" नावाचं साधन अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये ते सुरू केलं. फुकट आहे, त्यातले बरेच पाठ मराठीत आहेत, आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही. तो मुलगा ज्यासमोर वाचत होता ते गूगलचं "रीड अलाँग". मूल वाचतं तसं ते ऐकतं आणि अडलेला शब्द म्हणून दाखवतं. बालभारतीच्या पुस्तकांत छापलेले चौकोनी क्यूआर कोड तर तुम्ही नातवंडांच्या पुस्तकात पाहिलेच असतील. त्यातून "दीक्षा"वरचे पाठ उघडतात आणि तेही उतरवून ठेवता येतात.

हे क्यूआर कोडचं वेड आपल्याकडे रुजवणाऱ्यांत एक नाव मोठं आहे, रणजितसिंह डिसले गुरुजी. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं परितेवाडी हे त्यांचं गाव नव्हे, नोकरीचं ठिकाण होतं. 2009 मध्ये ते तिथं रुजू झाले तेव्हा शाळेची अवस्था गोठ्यासारखी होती. 2020 मध्ये त्यांना 10 लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. लक्षात घ्या, परितेवाडीत आधी शिक्षक आला, मग कोड आले. आम्ही मात्र टीव्ही आधी पाठवला आणि गुरुजींना विचारलंच नाही.

आपल्याकडे स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितलेत: वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. मी शाळेतून परतताना हेच मनात घोळवत होते. वाचना पडदा करून घेतो. परिवर्तना, म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणणं, हे तर यंत्र माणसापेक्षा चांगलं करून घेतं. ते कंटाळत नाही. पण पृच्छना म्हणजे शंका विचारणं, आणि अनुप्रेक्षा म्हणजे मनात घोळवणं. त्यासाठी समोर कुणीतरी लागतं, ज्याला "का?" विचारता येईल आणि जो उलट "का?" विचारेल. माझा पुण्यातला नातू असल्याच एका खेळात रोज चांदण्या गोळा करतो. मी मागे उभी राहून पाहिलं. चार पर्यायांपैकी एक दाबतो, चुकला की दुसरा, चुकला की तिसरा. चांदणी मिळते, गणित येत नाही. त्याच्याशेजारी बसणारं कुणी नव्हतं. त्यात मीही आले.

मंडळातल्या काही जणी म्हणतात, लहान मुलांच्या हातात पडदा नकोच, डोळे जातात, पाटी-पेन्सिलच बरी. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. स्वीडनसारख्या देशानंही 2023 पासून छापील पुस्तकांवर पुन्हा भर दिलाय. युनेस्कोच्या त्याच वर्षीच्या अहवालाचा सूरही हाच, की यंत्र शिक्षकाच्या जोडीला असावं, जागी नसावं. पण ज्या मुलांच्या घरी गोष्टीचं एक पुस्तक नाही, त्यांना रोजची वीस मिनिटं नाकारून आपण त्यांचे डोळे वाचवत नाही. वीस मिनिटं पडदा आणि बाकी चिंचोके, पाटी, अंगण. त्या शाळेत हेच चाललं होतं.

दुसरी शंका, अकरा मुलांच्या शाळेवर पैसा का घालायचा, उद्या शाळा बंद झाली तर? 2023 मध्ये कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले तेव्हा तोरणमाळबरोबर आपल्या पानशेतचंच उदाहरण पुढे ठेवलं होतं, तेव्हा ही भीती अगदीच हवेतली नाही. पण माझं उत्तर सोपं आहे. भिंतीला ठोकलेला टीव्ही तिथंच राहील. टॅब मुलांबरोबर जाईल, आणि भाकरीचे वाटे समजलेली मुलगी कुठंही गेली तरी ते तिच्याबरोबर जाईल.

आता थोडं हिशेबाचं, कारण मी बी.कॉम. आहे आणि चाळीस वर्षं घरच्या दुकानाच्या वह्या पाहिल्यात. भांडवली खर्च आणि चालू खर्च असे दोन रकाने असतात. दुकानात फ्रीज घेतला तर विजेचं बिल, दुरुस्ती, घसारा हे सगळं धरूनच आपण घेतो. मग दान करताना दुसरा रकाना कोरा का सोडतो? कारण पहिल्या रकान्यावर नावाची पट्टी लागते. विजेच्या बिलावर, बॅटरीवर, चार्जरच्या तुटलेल्या वायरीवर कुणी पट्टी लावत नाही. आमच्या दानात हा दोष होता आणि तो शाळेचा नव्हता, आमचा होता. देताना आम्ही पुण्य मोजलं, खर्च मोजला नाही.

म्हणून यंदा मी मंडळापुढे चार गोष्टी ठेवल्यात. पहिली, आधी गुरुजींना आणि बाईंना विचारायचं, मग घ्यायचं. दुसरी, एका मोठ्या पडद्याऐवजी चार साधे टॅब, सगळे पाठ भोरमध्येच उतरवून, रेंज नसली तरी चालतील असे. तिसरी, वस्तूला जेवढे पैसे तेवढेच वेगळे बाजूला ठेवायचे, पाच वर्षांच्या बिलासाठी, दुरुस्तीसाठी आणि एका छोट्या इन्व्हर्टरसाठी. तो आला की आपला टीव्हीही चादरीतून बाहेर येईल. चौथी, महिन्यातून एकदा दोघींनी जाऊन तासभर मुलांशेजारी बसायचं आणि "का गं?" "का रे?" विचारायचं. त्याला इंग्रजी यावं लागत नाही, मोबाइल कळावा लागत नाही. भाकरी करता येते ना? मग अपूर्णांक येतात.

पहिल्या तीन गोष्टींना सगळ्यांनी मान डोलावली. चौथीला अजून तरी आम्ही दोघीच आहोत, मी आणि जाऊबाई. गाडीत मागे जागा रिकामी आहे.

कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.