व्यसनमुक्ती केंद्रात जाणाऱ्याची पिशवी कोण भरतं?

केंद्रात दाखल होताना सोबत काय आणायचं, याची यादी हातात पडते. चार जोड कपडे, चादर, टॉवेल, साबण, चप्पल, आधारची झेरॉक्स. मोबाईल, रोकड, ब्लेड, तंबाखू, सेंट आणायचं नाही. यादी साधी आहे, पण ज्या घरात पगार चालू असतो त्या घरासाठी. नाक्यावर उभं राहणाऱ्या मजुराच्या घरात तेवढ्यासाठी उधारी करावी लागते. पिशवी भरते बायको किंवा आई. तो आत असेपर्यंत त्याची रोजी बंद, आणि घरभाडं तिच्याच डोक्यावर.

तरीही ऐकायला काय मिळतं? "हे लोक सुधारायचे नाहीत." माझा पहिला आक्षेप यावर आहे. बंगल्यातला मुलगा प्यायला तर त्याला डिप्रेशन असतं, वस्तीतला प्यायला तर त्याचे संस्कार निघतात. दुर्गंधी सोसवत नाही म्हणून पितो, असं गटारात उतरणारे सफाई कामगार वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. त्यांना त्या गटारात कोणत्या व्यवस्थेनं उतरवलं, हे मात्र कोणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांवर आहे. विहारात आपण पाचवं शील म्हणतो आणि त्याच शीलाच्या नावानं व्यसनी माणसाला वाळीत टाकतो. शील स्वतः स्वीकारायचं असतं, दुसऱ्याच्या डोक्यात हाणायचं नसतं. काही घरं तर रात्री गाडी बोलावून त्याला हातपाय बांधून नेऊ देतात. तिथे पिशवीचा प्रश्नच उरत नाही, कारण माणूसच सामान झालेला असतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक विकारांनाही लागू आहे. स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क त्यात आहे. सक्तीनं मुंडण करता येत नाही, सक्तीनं काम करून घेता येत नाही, आणि काम केलं तर मोबदला द्यावा लागतो. मारहाण, शिवीगाळ यांपासून संरक्षण आहे. आपापल्या धर्माचरणाची सोयही त्यात धरली आहे. म्हणून पिशवीत या हक्कांचा एक कागद ठेवा. बाबासाहेबांनी आपल्याला दयेची नाही, हक्काची भाषा शिकवली.

आणि हेही ठेवा: बीपी, शुगर, टीबी, फिट यांच्या चालू गोळ्या, मूळ पाकिटासकट, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. त्या लपवू नका, दाखल होतानाच नर्सच्या हातात द्या. "जाण्याआधी दोन दिवस घरीच सोडून बघ," असा सल्ला देऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून पिशवी भरण्याआधी केंद्राला एकच प्रश्न विचारा: रात्री डॉक्टर असतात का? उत्तर टाळलं तर पिशवी उचला आणि सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठा.

शेवटचं जयंती मंडळांना. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात वस्तीतल्या एखाद्या घराचं महिन्याचं रेशन आणि केंद्रातली ही पिशवी, दोन्ही भागतं. यंदाच्या मीटिंगमध्ये हा ठराव मांडा. विरोध कोण करतं, तेही वस्तीला दिसू द्या.

जय भीम!