बदलाचे कारण लिहून ठेवा

परभणी, पूर्णा, जिंतूर, सेलू भागातील आपली कितीतरी मुले-मुली शिकून पुण्या-हैदराबादला संगणकाच्या कंपन्यांत लागली आहेत. पोरगी काय काम करते असे आई-वडिलांना विचारले, की "कॉम्प्युटरवर" एवढेच उत्तर मिळते. त्या कामातल्या एका लहानशा गोष्टीविषयी आज आम्ही लिहीत आहोत. मुलांनी वाचावे, घरातल्यांनीही वाचावे.

प्रोग्राम एकदा लिहिला की संपला, असे होत नाही. रोज दुरुस्त्या होतात आणि एकाच प्रोग्रामवर दहा-वीस जणांचे हात फिरतात. त्या बदलांची वही ठेवण्यासाठी आज बहुतेक ठिकाणी 'गिट' वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी ते तयार केले. बदल वहीत चढवणे म्हणजे 'कमिट' आणि सोबत लिहायची टीप म्हणजे 'कमिट मेसेज'. नाव, तारीख, बदललेल्या ओळी गिट आपोआप नोंदवते. कारण मात्र माणसालाच लिहावे लागते.

गावाकडच्या माणसाला हे लगेच कळेल. जमीन आज कोणाच्या नावावर आहे ते सातबारा सांगतो. ती वारसाने आली, खरेदीने की कोर्टाच्या हुकुमाने, हे पाहायला फेरफार काढावा लागतो.

आपल्या संविधानातही हीच रीत आहे. मद्रास राज्यातील कॉलेजांतल्या जातवार राखीव जागा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली चंपकम दोराईराजन खटल्यात रद्द ठरविल्या. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि मागासवर्गीयांसाठी खास तरतूद करता यावी म्हणून कलम १५ मध्ये खंड (४) आला. संविधानाची सरकारी प्रत उघडून पाहा. हा खंड कोणत्या कायद्याने घातला आणि तो १८ जून १९५१ पासून लागू आहे, हे तळटिपेत दिसेल. का घातला, ते त्या विधेयकासोबतच्या उद्देश व कारणांच्या निवेदनात आहे.

आता समजा, शिष्यवृत्तीच्या अर्जाचा प्रोग्राम आपल्या मुलीच्या हाती आहे. वडिलांचे नाव भरलेच पाहिजे ही अट तिने काढली आणि टीप लिहिली, "बदल केला." दोन वर्षांनी नवा माणूस येईल, अट चुकून राहिली असे समजून परत घालेल आणि एकट्या आईने वाढवलेल्या लेकरांचे अर्ज पुन्हा अडकतील. तिने असे लिहायला हवे होते:

"वडिलांचे नाव नसले तरी अर्ज स्वीकारा."

मग एक ओळ रिकामी सोडून: "एकट्या आईने वाढवलेल्या मुलांचे अर्ज परत येत होते. आईचे नाव पुरेसे धरावे. ही अट पुन्हा घालू नये."

इतकेच. पहिली ओळ साधारण पन्नास अक्षरांत बसवावी, कारण यादीत तीच दिसते. एका कमिटमध्ये एकच बदल असावा. अर्जाची दुरुस्ती आणि पानाचा रंग एकत्र चढवले, तर पुढे एक मागे घेताना दुसराही जातो. "फिक्स", "फायनल", "फायनल दोन" असल्या टिपा पाहिल्या की आम्हाला घाईघाईत आटोपलेला पंचनामा आठवतो.

पुष्कळदा यामागे आळस नसतो, इंग्रजीची धास्ती असते. मराठी शाळेतून गेलेले मूल ऑफिसात चूक दिसेल म्हणून एकच शब्द टाकून मोकळे होते. त्यांना आमचे सांगणे असे, की इथे अलंकारिक भाषा कोणी मागत नाही. 'ॲड', 'रिमूव्ह', 'अलाऊ' अशा आज्ञार्थी क्रियापदाने सुरुवात करावी, पुढे दोन साधी वाक्ये लिहावीत. नव्या नोकरीवर गेल्यावर पहिल्या आठवड्यात 'गिट लॉग' उघडून जुन्या माणसांच्या टिपा वाचाव्यात. कोणाच्या टिपेवरून काम समजते आणि कोणाच्या नाही, हे दोन दिवसांत ध्यानात येते.