चौसष्ट घरांची हौस

सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्णपदके जिंकली. त्यात नाशिकचा विदित गुजराथी होता, नागपूरची दिव्या देशमुख होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गुकेश सिंगापूरला जगज्जेता झाला आणि २०२५ च्या जुलैत दिव्याने बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. बुद्धिबळाला बरे दिवस आले आहेत. आमच्या भागात शिकवणीवर्गांच्या पाट्या लागल्या, वाढदिवसाला मुलांना पट भेट म्हणून येऊ लागले. हे सारे चांगलेच आहे. पण या कौतुकाच्या गर्दीत एक माणूस मागे राहतो. तो कधी ग्रँडमास्टर होणार नाही आणि त्याला व्हायचेही नाही. त्याला फक्त खेळायचे आहे. अशा हौशी खेळाडूची बाजू आज मांडायची आहे.

हौशी म्हणजे कच्चा, असा एक गैरसमज आपल्याकडे आहे. ज्याला इंग्रजीत अमॅच्युअर म्हणतात त्या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ ‘प्रेम करणारा’ असा होतो. आपला ‘हौशी’ त्याहून वेगळे काय सांगतो? हौसेला मोल नाही म्हणतात, ते दोन्ही अर्थांनी खरे आहे.

या खेळाची पहिली गोडी त्याच्या भाषेत आहे. शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द फारसीतून आले आणि मराठी घरात असे रुळले की राजकारणाची बातमी शह-काटशहावाचून पुरी होत नाही. एकच सोंगटी आपल्याकडे उंट असते, इंग्लंडात बिशप होते आणि फ्रान्समध्ये राजाचा विदूषक. बंगाल्यांकडे आपल्या हत्तीची नौका होते. रशियात तर हत्ती म्हणजे आपला उंट, आणि आपल्या हत्तीच्या जागी तिथेही नावच. घोडा मात्र बहुतेक ठिकाणी घोडाच राहिला. अडीच घरांची त्याची तिरकी उडी मात्र जगभर तीच, आणि नवशिक्यांची भंबेरी उडवण्याचे कामही तेच.

दुसरी गोडी माणसांची. बँकेच्या नोकरीत मी गावोगाव फिरलो आणि जवळजवळ प्रत्येक शाखेत जेवणाच्या सुट्टीत डबा उरकून पट मांडणारे दोघे-तिघे भेटले. अर्ध्या तासात डाव संपायचा नाही. मग पैसे काढण्याच्या स्लिपच्या पाठीमागे सोंगट्यांच्या जागा लिहून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. माणूस कसा आहे हे वर्षभर शेजारच्या टेबलावर बसून कळत नाही, ते पटावर चार दिवसांत कळते. एका शाखेत नोटा तीनतीनदा मोजणारे आमचे कॅशियर पटावर बसले की हत्ती उधळून द्यायचे. उलट, खातेदारांना हसतमुखाने कर्ज मंजूर करणारे अधिकारी एक प्यादे सोडायला तयार नसत. तिथल्याच शिपायाने गावच्या देवळात देशी पद्धतीचा खेळ शिकलेला होता. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालते, राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता येते आणि पलीकडे पोचलेले प्यादे ज्याच्या घरात पोचले तीच सोंगटी होते. त्याला नवे नियम समजायला आठवडा लागला. नंतर तपासणीला आलेल्या साहेबांना तो सफाईने मात देऊ लागला. पटावर हुद्दा चालत नाही. साहेब हरले की मान डोलावतात आणि म्हणतात, ‘आणखी एक होऊ द्या.’ त्या ‘आणखी एक’मध्ये जेवढी बरोबरी असते तेवढी कुठल्याही परिपत्रकाने येत नाही.

ऐंशीच्या दशकात एका मित्राची बदली विदर्भात झाली. फोन महाग होता, तेव्हा आम्ही पोस्टकार्डावर डाव सुरू केला. एका कार्डावर एक खेळी. खेळी लिहून झाली की खाली चार ओळी उरत. त्यात आईचे दुखणे आले, मुलीचे बारसे आले, पाऊस लांबल्याची काळजी आली. डाव वर्ष उलटून गेल्यावर बरोबरीत सुटला. त्यातल्या खेळ्या आता आठवत नाहीत, पण कार्डे कपाटात आहेत. दोन माणसांना सतत बोलत ठेवायला काही निमित्त लागते. आम्हाला ते चौसष्ट घरांत सापडले.

तिसरी गोडी एकट्याची. समोर कोणी नसताना जुने डाव मांडून पाहावेत. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात पॉल मॉर्फी हा अमेरिकन तरुण ब्रन्सविकचा ड्यूक आणि एक काउंट या जोडीविरुद्ध खेळला. डाव अवघ्या १७ खेळ्यांचा. सोळाव्या खेळीला मॉर्फी आपला वजीर देऊन टाकतो आणि सतराव्या खेळीला हत्तीने मात करतो. हा डाव मी किती वेळा मांडला असेल याची गणती नाही. दरवेळी त्या सोळाव्या खेळीपाशी हात क्षणभर थांबतो. गाणे स्वतःला येत नसले तरी समेवर मान हलते, तसेच हे. १९७२ मध्ये रेकयाविकला फिशरने स्पास्कीला १२½–८½ असे हरवले, तेव्हा वर्तमानपत्रांत छापलेल्या खेळ्या कापून वहीत चिकटवणारी आमची पिढी. त्यांतल्या निम्म्या खेळ्यांचे मर्म कळत नव्हते. आनंद मात्र पुरा मिळत होता.

या हौसेला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिचे विजेतेपद रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांना विभागून मिळाले. सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी वर्षानुवर्षे स्पर्धा भरवून तरुण खेळाडूंना पट मिळवून दिला. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी १९७४ पासून महिलांचे राष्ट्रीय विजेतेपद बराच काळ जणू घरातच ठेवले. या सगळ्यांमागे शेकडो अनाम माणसे होती. कुणी ओटी मोकळी करून दिली, कुणी चहा पुरवला, कुणी मागे उभे राहून ‘घोडा घ्या, घोडा’ असे न विचारता सांगितले. या बघ्यांवाचून बुद्धिबळ नाही.

व्यसनाचा धोका आहे, तो नाकारू नये. प्रेमचंदांनी १९२४ मध्ये लिहिलेल्या ‘शतरंज के खिलाडी’ या कथेत राज्य बुडत असताना लखनौचे दोन सरदार पटावरून मान वर करीत नाहीत. सत्यजित रायांनी १९७७ मध्ये त्यावर चित्रपट काढला. दोष खेळाचा नव्हता, मान वर न करण्याचा होता. ज्या घरात चहा निवतो आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात, तिथे ही कथा अधूनमधून वाचावी.

आणि संगणक? १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ने कास्पारोवला ३½–२½ असे हरवले, तेव्हा खेळ संपला असे पुष्कळांना वाटले होते. आज खिशातला फोनसुद्धा जगज्जेत्याहून सरस खेळतो. हौशी माणसाचे त्यात काय गेले? यंत्राला डाव जिंकता येतो, पण जिंकल्यावर समोरच्यासाठी चहा मागवता येत नाही.

खरी चिंता वेगळीच आहे. मध्यंतरी मुलांच्या एका स्पर्धेला गेलो होतो. सभागृहाबाहेर सात-आठ वर्षांचा मुलगा डबा न उघडता बसला होता आणि वडील त्याला विचारीत होते, ‘रेटिंग किती गेले?’ डाव कसा झाला, समोरचा मुलगा कोण होता, मजा आली का, यांतला एकही प्रश्न नाही. वडिलांनी पैसे घातले आहेत, रजा काढली आहे, त्यांची घालमेल मला समजते. पण शिकणाऱ्या हजारांतून एखादाच दिव्याच्या वाटेने जाणार. उरलेल्या नऊशे नव्याण्णवांचे काय? आज त्यांचे होते ते असे की दहावी आली की पट माळ्यावर जातो आणि ‘त्यात काही झाले नाही’ असा शेरा बसतो. आयुष्यभर पुरला असता असा सोबती आपण पंधराव्या वर्षीच हिरावून घेतो. हाच मुलगा पुढे परगावी नोकरीला एकटा राहील, कधीतरी निवृत्त होईल, रिकामी संध्याकाळ अंगावर येईल. तेव्हा रेटिंग उपयोगी पडणार नाही, पट पडेल. हरल्यावर हात मिळवून सोंगट्या पुन्हा मांडायची सवय तर त्याच्याही आधी उपयोगी पडेल.

म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. मुलाला वर्गाला जरूर घाला, पण आठवड्यातून एक डाव आईने किंवा बाबांनी त्याच्याशी खेळावा आणि जमल्यास मनापासून हरावा. सोसायटीच्या कार्यालयात, ग्रंथालयात, ज्येष्ठांच्या कट्ट्यावर एक पट कायमचा मांडलेला असावा. खर्च फारसा नाही. आणि घरातला जुना पट माळ्यावरून काढताना एखादे प्यादे हरवलेले सापडले, तर अडून बसू नका. शर्टाचे बटण ठेवा. आम्ही वर्षानुवर्षे बटणे ठेवून खेळलो आहोत आणि त्यांतली कित्येक पलीकडे पोचून वजीर झाली आहेत.